झोपमोड न करणारा मेसेज

केतक्या, थांब, चहा नंतर सांग, आत्ता ऑफिसात काय झालं ते ऐक आधी!

“मग माणसाने वाचायचंच कशाला?”

असं मी विचारलं. कुणाला? शुभदाताईंना! ज्यांनी मला कोड वाचायला शिकवलं, त्यांना.

माझा तो वर्कफ्लो माहितीये ना तुला? सूचना एकदाच लिहून ठेवल्यात, बारा पायऱ्या. टीममध्ये कुणीही कोड बदलला की एआय त्याच सूचना घेऊन तपासतो. कंटाळत नाही, चिडत नाही. ताई स्वतः वापरतात रे! मला फक्त त्यांचा एक होकार हवा होता. एआयने पास केलं की बदल थेट चालू. मध्ये माणूस नकोच.

“दाखव बरं,” ताई म्हणाल्या.

मी माझाच बदल तपासायला लावला.

“वा! पेपर तुझा, परीक्षकही तुझाच,” ताई हसल्या.

आमचं ते पाण्याचं ॲप आहे ना, गावात पाणी सुटलं की घरोघरी मेसेज जातो. त्यात मी काय केलं, रात्री दहा ते सकाळी सात मेसेज अडवून ठेवायचे आणि सातला पाठवायचे. उगाच लोकांची झोपमोड नको! संध्याकाळी चौदा गावांत चालू होणार होतं.

बाराच्या बारा पायऱ्या हिरव्यागार. खाली एआयचा शेरा: ‘स्वच्छ आणि विचारपूर्वक बदल.’

“बघा!”

“बघितलं. एकही चूक नाही गं.”

मी अशी फुगले म्हणून सांगू…

“मृणू, तुझ्याकडे पाणी किती वाजता येतं?”

“माझ्याकडे? …टाकी आहे की गच्चीवर. नळ सोडला की येतं.”

ताईंनी फोनमध्ये एक नंबर काढला आणि फोन माझ्यापुढे सरकवला. खरातमामा. त्या चौदातल्याच एका गावात पाणी सोडतात.

मी लावला.

“पाणी? वरच्या आळीला पहाटे पाचला सोडतो म्याडम. सहाला बंद.”

“आणि मामा… मेसेज सातला गेला तर?”

“तर बाया रिकामे हंडे घेऊन माझ्या दारात! तुमचं काय जातंय?”

फोन ठेवला. कान लाल झाले होते माझे.

मी घाईघाईने तेरावी पायरी लिहायला घेतली, ‘पाण्याच्या वेळा तपास.’

“लिही. चांगली आहे,” ताई म्हणाल्या. “मग चौदावी?”

“ती… पुढची चूक झाली की लिहीन.”

“कुणाच्या हंड्यावर?”

मग त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. माझ्या सूचनांच्या अगदी शेवटी एक ओळ टाइप केली, ‘इथे थांब. मृण्मयीला विचार.’

“ताई, पण मलाच तर माहीत नव्हतं!”

माझ्या डोक्यावर हलकी टपली मारली त्यांनी.

“म्हणूनच तुला विचारायचं. माहीत नसलं की तू फोन लावशील.”

आणि गेल्या जेवायला! सूचनांची फाईल माझी, खोडायची परवानगी माझ्याकडे… खरं सांग केतक्या, तू ठेवली असतीस ती ओळ?