रिकामी तक्रारपेटी

जिल्ह्याची बैठक भरली होती. बालगृहांचा कारभार आता आकड्यांवर चालणार, म्हणून उपायुक्त साहेबांनी पडद्यावर तक्ता लावला आणि आमच्या अधीक्षक गावंडेताईंकडे बोट दाखवलं.

"बाई, तुमच्या मुलांच्या तक्रारींचा हा ढीग! शेजारच्या तालुक्याचं बालगृह बघा, तिथे शून्य. तुमचं बंद करून मुलं तिकडेच हलवतो."

शेजारचे अधीक्षक मिशीत हसले.

ताई उठल्या. "आकडा खराच असेल, साहेब." मग त्या शेजारच्या अधीक्षकांकडे वळल्या. "पण भाऊ, तुमची तक्रारपेटी असते कुठे?"

"माझ्या टेबलावर," ते ऐटीत म्हणाले. "माझी नजर चुकवून एक चिठ्ठी पडायची नाही."

"आमची न्हाणीघराच्या आडोशाला आहे, साहेब. सांगत असाल तर तीही माझ्या टेबलावर आणते. उद्यापासून आमच्याकडेही शून्य!"

सभागृहात हशा पिकला. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी तक्त्याकडे पाहिलं, मग शेजारच्या अधीक्षकांकडे.

"मुलं आहेत तिथेच राहू द्या," ते म्हणाले. "आधी यांची पेटी हलवा."

मी ताईंच्याच बालगृहात वाढलो. तू कुठला, असं कोणी विचारलं की गावाआधी त्यांचं नाव सांगतो.