कोपऱ्यातला ठिपका

"पण चाचा, शेवटी त्या म्हातारीला कुणी दिसतं की नाही?"

प्रोफेसर कीर्तिकुमार आरवाडे थिएटरच्या केबिनचा जिना चढून आले ते हाच प्रश्न घेऊन. धाप लागली होती. लागणारच, छातीतली झडप कामातून गेलेली. मंगळवारी पुण्यात ऑपरेशन होतं आणि आज रविवार, सकाळचे साडेनऊ.

दस्तगीरचाचा मुजावर प्रोजेक्टरच्या भिंगावरची धूळ पुसत राहिले.

मिरजेच्या फिल्म सोसायटीत चाचांना सगळे ऑपरेटर म्हणत. दोनचार जण गुरू म्हणत. आरवाडे सर कुणालाच गुरू म्हणत नसत. ते कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे आणि आजच्या पिक्चरवर त्यांनी बावीस पानांची पुस्तिका लिहिली होती. दारात ती हातोहात वाटली जात होती.

पिक्चर युरोपातला, काळापांढरा, संवादांची इंग्रजी अक्षरं पडद्याच्या तळाशी. एका बेटावर साथ येते. देवावरचा विश्वास उडालेला एक पाद्री मरणाऱ्या माणसांच्या उशाशी जाऊन बसतो आणि प्रत्येकाला एकच विचारतो, तिकडे कुणी आहे का? कुणाच्याच तोंडून उत्तर निघत नाही. शेवटी एक म्हातारी कोळीण डोळे उघडते, हसते आणि काहीतरी बोलते.

काय बोलते? चौदा वर्षांपूर्वी सरांनी तो पुण्यात पाहिला तेव्हा नेमकी त्याच क्षणी वीज गेली. नंतर मिळेल ते वाचून काढलं, तर एक म्हणतो ती हो म्हणते, दुसरा म्हणतो पाद्र्याची चेष्टा करते. पुस्तिकेत सरांनी त्या जागेला हुशारीनं वळसा घातला होता. पण मंगळवार काही वळसा घालू देणार नव्हता.

"नऊ वेळा चालवलाय ना तुम्ही हा पिक्चर?"

"नऊ वेळा."

"मग काय बोलते ती?"

"मी नाही बघितलं."

सरांना राग आला. म्हातारा आपली फिरकी घेतोय असं वाटलं...

चाचांनी एक स्टूल पुढे सरकवलं.

"बसा. पाचवं रीळ संपताना तुम्हीच मशीन बदला."

"मी?"

"विचारणारे तुम्हीच की."

केबिनमध्ये दोन मशिनी. एकीवरचं रीळ संपायला आणि दुसरीवरचं सुरू व्हायला एकाच क्षणी गाठ पडायला हवी. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, वर, एक ठिपका चमकतो. तेव्हा दुसरी मशीन चालू करायची. सातआठ सेकंदांनी दुसरा ठिपका येतो, तेव्हा दांडा ओढायचा. पापणी लवली तर ठिपका गेला, आणि पडदा पांढराफटक.

पहिल्या चार रिळांना चाचांनी काम केलं आणि सरांनी बघितलं. चारही वेळा त्यांना ठिपका दिसलाच नाही. चाचांचा हात हलला की कळायचं, येऊन गेला म्हणून.

पाचवं रीळ संपत आलं. सरांचा हात दांड्यावर गेला. खाली तीनशे माणसं. झरोक्यातून दिसत होतं, पाद्री झोपडीत शिरला, म्हातारीच्या उशाशी बसला. प्रश्न विचारला.

म्हातारीनं डोळे उघडले.

चौदा वर्षं... सरांचं काळीज उसळलं, झडपेचं काय होईल ते होवो. नजर तिच्या ओठांकडे ओढ घेऊ लागली.

"कोपरा," चाचा म्हणाले.

सरांनी नजर वर नेली. ठिपका! मशीन चालू केली. आता फक्त तो कोपरा होता, हाताएवढा, करडा, रिकामा. खाली कोण हसतंय, काय बोलतंय, अक्षरं काय उमटतायत, कशाचं भान नाही. एक, दोन, तीन... चार, पाच... सहा, सात...

दुसरा ठिपका.

दांडा ओढला.

पडद्यावर लाटा आल्या. पाद्री किनाऱ्यानं चालत निघाला होता. मध्ये पांढरी रेघसुद्धा उमटली नव्हती. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता, आणि पुढच्या रांगेत कुणीतरी बाई हुंदके देत होती.

"जमलं, चाचा! जमलं मला," सर म्हणाले. आनंदानं त्यांचा आवाज चिरकला. कॉलेजात पहिल्या नंबरानं पास झाले तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता.

मग त्यांची नजर झरोक्याकडे गेली.

"मी बघितलंच नाही..."

चाचा संपलेलं रीळ उतरवत होते.

"ती बोलली आणि मी कोपऱ्यात बघत बसलो. चाचा, परवा मला टेबलावर झोपवणार आहेत. भीती वाटते हो. तिकडे कुणी आहे का, एवढंच मला त्याच्या आत कळायला हवं होतं."

चाचांनी रीळ डब्यात ठेवलं, झाकण दाबून बसवलं. झरोक्याजवळ जाऊन खाली बघितलं. तीनशे माणसांचे डोळे पडद्याकडे लागलेले. एकही मान मागं वळलेली नव्हती.

"खाली जा, सर," ते म्हणाले, "आणि त्या लोकांना विचारून या, केबिनमध्ये कुणी आहे का."