सड्यावरच्या चाळीस राशी

“...पण आबा, न पडण्याची वाट यातली कुठली?”

हेरंब सोमणने हे तिसऱ्यांदा विचारलं. टपालआबांनी तिसरी सुपारी सोलून सुपात टाकली.

टपालआबा म्हणजे दौलत मांडवकर. खालच्या गावातून सड्यावरच्या चार वाड्यांना त्यांनी एकतीस वर्षं सायकलवरून टपाल नेलं. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं उघडं पठार. मैलभर नजर टाकली तरी काळा, खडबडीत कातळ, मधूनमधून वाळलेलं गवत, आणि सावली हवी असेल तर स्वतःची. तिथे माणसं चपला जपून चालतात. आबा सायकल चालवायचे.

त्या सायकलविषयी वरच्या वाडीत अजून बोलतात. एकदा म्हणे आबा वाटेत पडले आणि सायकल एकटीच पुढे वाडीत पोचली. लोकांनी पिशवीतलं टपाल वाटून घेतलं, उत्तरं लिहून पिशवीत घातली आणि सायकल वळवून परत पाठवली. हे सांगणारे तिघे जण आहेत. तिघेही देवळात बसून सांगतात, तेव्हा खोटं कोण म्हणणार?

हेरंबची सायकल अशी एकटी कुठे जाणारी नव्हती. तिचे टायर आबांच्या दंडाएवढे होते, पुढच्या चाकाला दणके गिळणारे दोन दांडे होते, आणि हँडलवर एक यंत्र होतं. ते यंत्र माणूस किती दमला हे माणसाच्या आधी सांगायचं.

येत्या रविवारी तो आठ जणांना घेऊन हा सडा पार करणार होता.

सात जणांची त्याला चिंता नव्हती. आठवा अभय कुंटे होता, कॉलेजपासूनचा मित्र. गेल्या वर्षी अशाच एका सहलीत, हेरंबनेच आखलेल्या, अभय दगडावरून पडला. खुब्याचं हाड मोडलं. पाच महिने अंथरुणात, मग काठी, मग नुसतं लंगडणं. त्या वर्षात दोघे भेटले ते लग्नकार्यात, तेही जेवणाच्या रांगेत. आणि मागच्या महिन्यात अचानक अभयचा फोन आला. यंदा काढतोयस का, काढत असशील तर येतो, एवढंच बोलला. अभयच्या पडण्याचं हेरंबने आल्या आल्या आबांना सांगितलं होतं.

हेरंबने त्या दिवसापासून आखणी सुरू केली. हा आता पुन्हा पडला तर पुढचा फोन येणार नाही, हे त्याला न सांगता कळत होतं.

आखणी तीन आठवडे चालली. तिचा निकाल आता आबांच्या ओसरीवर, सुपाऱ्यांच्या सालींशेजारी पसरला होता. जाड कागद, चार रंग. सात वाजून पाच मिनिटांनी निघायचं. सात चाळीसला पाणी, दोन घोट. आठ दहाला फोटो, सहा मिनिटं. चढावर कोणी कोणत्या गिअरमध्ये असावं हेही लिहिलं होतं. हसायला वेळ ठेवला नव्हता, पण फोटोच्या सहा मिनिटांत ते उरकता आलं असतं.

“मी सांगू कशाला? तू तर सगळं लिहिलंयस,” आबा म्हणाले.

“तुम्ही एकदा बरोबर आहे म्हणा. मग मी निर्धास्त.”

“हं...”

आबांनी चष्मा पुसला आणि कागदावर वाकले. सड्याच्या चित्रावर नारिंगी ठिपके होते आणि ठिपक्यांमधून एक नारिंगी रेघ वळणं घेत गेली होती.

“हे काय?”

इथे हेरंब जरा सरसावून बसला. हा त्याच्या आखणीचा अभिमानाचा भाग होता. त्याने समजावून सांगितलं की वरून, उपग्रहाच्या चित्रात, या कातळावर वाट अशी दिसतच नाही. दगडावर पायवाट उमटणार कशी? पण मोठं करून बघितलं की जागोजागी दगडांच्या राशी दिसतात, कोणीतरी मुद्दाम रचलेल्या. म्हणजे जुन्या माणसांच्या वाटेच्या खुणाच त्या. त्याने एकेक रास शोधली, नंबर दिला आणि सगळ्या जोडल्या.

“किती सापडल्या?”

“एकोणचाळीस.”

आबांनी कागदावर बोट ठेवलं आणि मोजायला लागले. मोजता मोजता त्यांचा चेहरा असा झाला, जसा एखाद्याला स्वतःचा शाळेतला फोटो अनोळखी घरात भिंतीवर दिसला तर होईल.

“चाळीस आहेत,” ते म्हणाले. “एक करवंदीच्या जाळीत आहे. ती वरून दिसायची नाही.”

हेरंबने लगेच पेन काढलं. “कुठे? दाखवा. तीही जोडतो.”



आबांनी आत बघून हाक मारली आणि सांगितलं, की पुण्याहून एक जण आलाय, त्याने आपल्या सगळ्या राशी शोधून काढल्यात.

आतून काकींचा, म्हणजे आबांच्या बायकोचा, आवाज आला, भांडी न थांबवता. “दात पडला ती धरलीय का विचारा.”

“धरलीय,” आबा म्हणाले. “सोळा नंबर.”

हेरंब हसला. मग हसायचा थांबला.

आबांनी सुपारी बाजूला ठेवली आणि साध्या आवाजात सांगितलं. ही पद्धत त्यांची नव्हे, त्यांच्याआधी डोक्यावरून टपाल नेणाऱ्या हरकाऱ्याची. सड्यावर जिथे पडशील तिथून उठताना एक दगड उचलून तिथेच ठेवायचा. पुन्हा तिथे पडलास, पुन्हा एक. दुसरं कोणी पडलं, त्याचाही एक. इतक्या वर्षांत लहान राशी मोठ्या झाल्या. वाटेच्या खुणा त्या कधीच नव्हत्या.

“म्हणजे ही रेघ...” हेरंब म्हणाला.

“माणूस जिथे जिथे पडला तिथून तिथून जाते,” आबा म्हणाले. “एकही चुकवली नाहीस. जाळीतली सोडून.”

...

हेरंबने कागदाकडे बघितलं. सगळ्यात उंच रास, सव्वीस नंबर. तिथे त्याने लिहिलं होतं: ठळक खूण, सगळ्यांनी एकत्र जमणे, फोटो, सहा मिनिटं.

“तिथे काय आहे?” त्याने विचारलं.

“उतार. आणि शेवाळ. पावसाळा सरला तरी शेवाळ राहतं. फोटो चांगला येईल.”

पण हेरंब इंजिनिअर होता. इंजिनिअरची आखणी चुकली तर तो दुसरी करतो. दोन मिनिटांत त्याचा चेहरा उजळला. हे तर उलट सोनंच हाती लागलं, असं त्याने आबांना सांगितलं. धोक्याच्या चाळीसच्या चाळीस जागा माहीत झाल्या. आता प्रत्येक राशीपासून पन्नास फूट लांबून रेघ काढायची की झालं. राशी चुकवल्या म्हणजे पडणं चुकवलं.

आबांनी मान हलवली. ती होकारार्थी आहे असं हेरंबला वाटलं.

“राशींच्या मधेही पडलोय,” आबा म्हणाले.

“मग तिथे रास का नाही?”

“तिथे हाताशी दगड नव्हता. सगळा सपाट कातळ. काय खणून काढू?”

आतून काकी हसल्याचा आवाज आला.

हेरंबच्या कानशिलाशी आता ऊन लागल्यासारखं झालं. तीन आठवड्यांचं काम होतं, आणि समोरचा म्हातारा चेष्टा करतोय की सांगतोय हेच समजत नव्हतं. त्याचा आवाज थोडा चढला. “असं असेल तर तुम्ही एकतीस वर्षं गेलात कसे?”

“पडत.”

“आबा, मी गंभीरपणे विचारतोय.”

“मीही.”

...

आबांनी एक सुपारी उचलली, पण सोलली नाही. हातात धरून ठेवली.

मग सांगायला लागले. त्यांच्या सायकलला घंटी होती, मोठी, पितळेची. सड्यावर चढल्यापासून ते ती वाजवत जायचे. रस्त्यात बाजूला करायला कोणीच नसायचं, तरी वाजवायचे. वरच्या वाडीतल्या बायका कातळावर मिरच्या वाळत घालता घालता ती ऐकायच्या. लांबून, मग जवळून. घंटी मधेच बंद झाली आणि शंभर मोजेपर्यंत पुन्हा सुरू झाली नाही, की वाडीतून दोघं जण पाण्याचा तांब्या घेऊन निघायचे.

“कोणी ठरवून दिलं होतं?”

“ठरवायला काय? ऐकू येत होतं.”

एकदा घोटा मुरगळून बसले होते तेव्हा तांब्या अजून लांब होता, पण बोलणं आधी पोचलं. येणाऱ्यांतली एक म्हातारी त्यांना अर्ध्या मैलावरून शिव्या घालत येत होती. तिच्या मुलाचं पत्र होतं पिशवीत. त्या शिव्या ऐकून पायाचं दुखणं निम्मं झालं, असं आबांचं म्हणणं.

मग त्यांनी विचारलं, “तुझा तो मित्र पडला तेव्हा तू कुठे होतास?”

“पुढे.”

“किती?”

हेरंबला आठवावं लागलं नाही. यंत्रात ते नोंदलेलं होतं आणि त्याने ते वर्षभरात बऱ्याच वेळा उघडून पाहिलं होतं.

“चारशे मीटर.”

“कळलं कधी?”

“वरच्या थांब्यावर. डोकी मोजली तेव्हा एक कमी आलं.”

“म्हणजे किती वेळाने?”

हेरंबने कागदाची कड बोटाने दाबून सरळ केली. ती सरळच होती.

“सव्वीस मिनिटांनी,” तो म्हणाला. “वेळापत्रकात आम्ही चार मिनिटं मागे पडलो होतो. मी... भरून काढत होतो.”

आतली भांडी थांबली होती.

“सव्वीस मिनिटं तो तिथे काय करत होता?”

“माहीत नाही.”

“विचारलं नाहीस?”

“नाही.”

...

ओसरीच्या कडेला एक कोंबडी चढली, सुपारीच्या सालींत चोच घालून बघितली, आणि काही नाही असं ठरवून उतरली. हेरंब तिच्याकडे बघत बसला. मनात त्याला तो उतार दिसत होता, त्यावर आडवी झालेली सायकल, आणि वर, वळणापलीकडे, कुठेतरी चारशे मीटर पुढे, स्वतःचीच पाठ. त्या दिवशी आपले मोजे कुठल्या रंगाचे होते तेही आठवलं. अभयने हाक मारली असेल का, हा प्रश्न त्याने वर्षभर कुठेही लिहिला नव्हता.

शेवटी त्याने पेनचं टोपण लावलं आणि हळूच विचारलं, “मग रविवारी मी वाट कुठली धरू?”

आबांनी तो चार रंगांचा कागद उचलला. उलटा केला. मागची बाजू पांढरी होती. ती वर ठेवून त्यांनी तो हेरंबच्या मांडीवर ठेवला आणि टोपण काढून पेन त्याच्या हातात दिलं.

“वाटा सड्यावर आहेतच,” ते म्हणाले. “तू तुझ्या-त्याच्यामधले ते चारशे मीटर आख.”