पक्की फांदी

त्या रानात काडी आपोआप मिळत नसे. मोठ्या वादळानंतर सगळ्या काड्या एका कोठारात जमा केल्या होत्या, आणि ज्याला घरटं बांधायचं असेल त्याने तिथे अर्ज करायचा, अशी पद्धत पडली होती. कोठारावर करकोचा होता. तीस पावसाळे तोच होता.

काड्या देण्याआधी फांदी तपासावी लागे. करकोचा त्या फांदीवर जाऊन उभा राही आणि शंभरपर्यंत मोजी. फांदी वाकली नाही तर शेरा 'पक्की', वाकली तर 'कच्ची'. हा नियम त्याने केलेला नव्हता. त्याच्या आधीचा अधिकारी करकोचाच होता, त्याच्या आधीचाही.

घारींचे अर्ज पहिल्याच फेरीत मंजूर होत. काही घारींची तीन-तीन घरटी झाली, त्यातली दोन रिकामी पडून असत. सुरुवातीला करकोच्याला हे खटके. पुढे खटकेनासं झालं. नेमकं कुठल्या वर्षापासून, हे त्याला सांगता आलं नसतं.

फुलचुखी पहिल्यांदा आली तेव्हा त्याच्या नखाएवढी दिसत होती. तिने दाखवलेली बाभळीची फांदी म्हणजे टोकाची एक लवलवती डहाळी. करकोच्याने पाय टेकताच ती खाली गेली.

"कच्ची," तो म्हणाला.

"साहेब, तिथं मी राहणार आहे. तुम्ही नाही."

"तपासणी सगळ्यांना सारखीच असते, बाई."

कारकून पारव्याने शेरा लिहून घेतला. त्या वर्षी फुलचुखीने उघड्या गवतात अंडी घातली आणि ती खुरांखाली गेली. पुढच्या वर्षी ती पुन्हा आली. त्याच्या पुढच्याही. दर वेळी एखादी बारीकशी डहाळी, दर वेळी तोच शेरा, आणि मग गवतातली अंडी. करकोच्याला वाईट वाटे, पण कागदावर त्यासाठी जागा नव्हती. संध्याकाळपर्यंत ते निघूनही जाई.

निवृत्तीला महिना उरला असताना ती सहाव्यांदा आली. पोट जड झालं होतं. या खेपेला तिने डहाळी दाखवलीच नाही, नुसती बसून राहिली. सगळ्या नोकरीत न केलेली गोष्ट त्याने त्या दिवशी केली: अर्जदारासाठी तो स्वतः फांदी शोधायला निघाला. उंबराची, बुंध्यातून सरळ फुटलेली, चांगली जाडजूड फांदी त्याने निवडली. एका पायावर उभा राहिला, मग दोन्ही पायांवर. शंभर झाले तरी मोजत राहिला.

फुलचुखीने फांदीकडे बराच वेळ पाहिलं.

"आमच्यात एवढ्या जाड फांदीवर कोणी राहत नाही, साहेब."

"का?"

"माहीत नाही. आई राहत नव्हती. आजीही नाही."

"पक्की आहे. मी स्वतः पाहिली आहे."

अंडी दोन दिवसांवर आली होती. तिने काड्या उचलल्या.

निरोपाच्या समारंभात घारींची भाषणं झाली. किती घरटी उभी राहिली याचा आकडा वाचला गेला, टाळ्या झाल्या, पारव्याला भरून आलं. करकोचा मान खाली घालून ऐकत होता. त्याला त्यातलं एकही घरटं डोळ्यांसमोर आणता येत नव्हतं, एक सोडून. समारंभ संपल्यावर कोठाराकडे न जाता तो उंबराकडे गेला. तीस वर्षांत प्रथमच तो दिलेलं घर बघायला निघाला होता.

घरटं सुरेख झालं होतं. आतून तीन पिल्लांच्या चोची वर आल्या होत्या. फुलचुखी शेंड्यावर उडत होती आणि एकसारखी ओरडत होती. कोणाला, ते त्याला आधी कळलं नाही.

मग त्याला बुंध्यावरून वर सरकलेली धामण दिसली. ती फांदीवर वळली. पंख उघडावेत असं त्याच्या मनात आलं, पण पंख उघडले नाहीत. धामणीला घाई नव्हती. तिने पुढचं अंग फांदीवर ठेवलं, मग मधलं, मग सगळं वजन टाकून ती घरट्याकडे सरळ सरपटत गेली. फांदी जराही वाकली नाही.