न बोललेली दवंडी

एका वर्षी आमच्या गल्लीत भुरट्या चोरांनी उच्छाद मांडला होता. तेव्हा मी महादेवाला बोलले, "देवा, गल्लीला सुखाची झोप लागू दे, श्रावणातल्या दर सोमवारी उपास सोडण्याआधी गोजराची गोष्ट सांगेन." देवाने ऐकलं. म्हणून ही गोष्ट.

मोरवडी नावाच्या लहानशा राज्यात चोर शिरला होता आणि काही केल्या सापडत नव्हता!

कोतवाल भुजंगराव प्रजेला खबर देण्यात मात्र कुठेच कमी पडत नव्हते. रोज संध्याकाळी महादेवाच्या देवळापुढे दवंडी! म्हातारा नारबा गुरव ढोल बडवायचा आणि कोतवालांनी पढवलेलं ओरडायचा, "ऐका हो ऐका! आज साळीआळीत गस्त आहे हो! लोकांनी निर्धास्त झोपावं!"

लोक निर्धास्त झोपायचे. चोरही दवंडी ऐकायचा आणि निर्धास्त सोनारआळीत जायचा. दुसऱ्या दिवशी सोनारआळीत गस्त, की चोर साळीआळीत!

होता होता एक दिवस राणीसाहेबांच्या देवघरातली चांदीची समईच गेली. राजा गंभीरराव संतापला.

"भुजंगराव, काय चाललंय हे?"

"महाराज, आमच्या बंदोबस्तात काडीची कसूर नाही. हा नारबाच फार मोठ्याने ओरडतो!"

"मग हळू ओरडायला सांगा!"

"सांगून पाहिलं, महाराज. मग लोक म्हणतात, ऐकू येत नाही."

राजा हट्टी. त्याने नारबाला जवळ बोलावलं आणि कानात सांगितलं, "उद्याची गस्त कुंभारआळीत." मग मोठ्याने म्हणाला, "उद्या सोमवार. संध्याकाळच्या आरतीपर्यंत ही खबर गावातल्या घराघरात पोचली पाहिजे. पण चोराला तिचा वाससुद्धा लागता कामा नये! जमलं नाही, तर ढोल इथे ठेवायचा आणि बिऱ्हाड घेऊन शिवेबाहेर व्हायचं."

"महाराज, मला तरी सांगा गस्त कुठे ते," भुजंगराव पुढे सरकले.

"तुम्हाला कळेल की! प्रजेला कळेल तसंच."

नारबा घरी आला तो रडतच. पिढ्यान्‌पिढ्यांचं घर, देवाची सेवा, सगळं सुटणार! तो भांडीकुंडी बांधायला लागला. त्याची सून गोजरा चुलीपाशी भाकरी थापत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामंजी, ती गाठ सोडा आधी. उद्याचा बेल मी वाटते."

"अगं, बेल वाटून का गस्त कळते?"

"तुम्ही ढोल तेवढा वाजवा. तोंड उघडू नका. बाकी महादेव आहे."

श्रावणी सोमवारी गुरवाघरचा बेल घरोघर जायचा, ही गावाची रीतच होती. गोजरा सकाळीच टोपली घेऊन निघाली. थेट मागच्या दारी.

"काकू, बेल घ्या. आज गस्त कुंभारआळीत आहे. तुमच्या चुलीवरचं जेवतात त्यांनाच सांगा, बाहेर कुणाला नाही. आणि आरतीनंतर ढोल वाजला की सगळ्यांनी खाली बसा."

"अगोबाई! ते कशाला?"

"ते खाली बसल्यावर कळेल!"

पाटलीणबाईंना सांगितलं, तेलिणीला सांगितलं, एकट्या राहणाऱ्या सखूआजीला सांगितलं. कोतवालीणबाईंना सांगितलं. वाड्यावर बेल द्यायला गेली तेव्हा राणीसाहेबांनाही सांगितलं.

संध्याकाळी देवळापुढे सारं गाव लोटलं. आरती झाली. नारबाने ढोल बडवला, ढम्‌ ढम्‌ ढम्‌! आणि गप्प राहिला.

सगळं गाव मटकन खाली बसलं! राजाही पायरीवर टेकला. राणीसाहेबांनी त्याला दुपारीच ताटावर सांगितलं होतं.

उभे राहिले दोघेच. एक, धर्मशाळेत उतरलेला जरीच्या टोपीचा व्यापारी. कानाला हात लावून, मान पुढे काढून तो पुढच्या शब्दाची वाट बघत होता. आणि दुसरे कोतवाल भुजंगराव!

"अरे नारबा, पुढे बोल की!" भुजंगराव ओरडले. "दवंडी कुठे आहे?"

"दवंडी सकाळीच झाली, कोतवालसाहेब," गोजरा म्हणाली. मग राजापुढे हात जोडून म्हणाली, "महाराज, खबर चुलीचुलीवर पोचली. पाहुण्यारावळ्यांनासुद्धा यजमानणींनी सांगितलं. आता ज्याला ह्या गावात एकही चूल आपली नाही, पण गस्त कुठे ते ऐकायला जो रोज न चुकता येतो, त्याचं गाठोडं एकदा सोडून बघा!"

व्यापारी पळायला वळला. पण बसलेल्या गर्दीतून पळणार कसा? तेलिणीने पाय आडवा घातला. शिपाई धर्मशाळेकडे धावले आणि त्याचं गाठोडं घेऊन आले. ते सोडलं तर आत राणीसाहेबांची समई!

"शाबास!" राजा म्हणाला. "पण उभे तर दोघे होते. दुसऱ्याचंही गाठोडं तपासायचं का?"

"नको, महाराज. ते रिकामंच असेल. साहेबांनी आजवर काही पकडलंय कुठे!"

भुजंगराव लालबुंद झाले. "महाराज, मला कुणी सांगितलंच नाही!"

"इश्श! मी दोनदा सांगितलं की!" बायकांतून कोतवालीणबाई उठल्या. "एकदा आमटी वाढताना, एकदा ताक वाढताना!"

"तू बोलत होतीस," भुजंगराव पुटपुटले, "पण मी कुठे ऐकत होतो?"

राजा असा हसला, असा हसला, की त्याचा फेटा सुटून पायरीवर आला! त्याने नारबाला देवळामागची आमराई दिली, गोजराला जरीची साडी दिली. आणि भुजंगरावांना हुकूम केला, "उद्यापासून जेवताना घरात जे ऐकाल, ते रोज सकाळी दरबारात येऊन सांगायचं. अक्षर न चुकता!"

झाली गोष्ट. तुम्हीही एखाद्या सोमवारी ती चार जणांना ऐकवा बरं का, आणि मग सुखाने दोन घास खा.