फटीत पडलेली चिप

“...मग यातलं कुठलं स्वीकारू, माई? परदेशातली मोठी खुर्ची, की पुन्हा नवी कंपनी?”

विचारता विचारता प्रल्हाद घैसास उठून उभा राहिला. कृष्णेच्या घाटावर आल्यापासून त्याचं हेच चाललं होतं. बसायचं, फोन बघायचा, उठायचं.

घाटावरच्या मठीत राहणाऱ्या माई पायरीवर वाती वळत बसल्या होत्या.

प्रल्हाद सांगत सुटला. सांगलीहून तो परदेशी गेला, संगणकाच्या चिप बनवायला शिकला. परत येऊन अजित शेडबाळे या मित्राबरोबर पुण्यात कंपनी काढली. आज त्यांच्या चिप गाड्यांपासून दवाखान्यांतल्या यंत्रांपर्यंत सगळीकडं होत्या. नुकतीच ती कंपनी एका बड्या उद्योगसमूहानं विकत घेतली. वर्तमानपत्रांत त्याचे फोटो झळकले. पण कशातच जीव रमेना...

त्यानं पाकिटातून नखाएवढी चिप काढून माईंच्या तळहातावर ठेवली.

“एवढ्याशा तुकड्यात कोट्यवधी स्विच मावतात, माई.”

“आणि अजित?”

“तो... त्याला जावं लागलं. कंपनी वाढली. दोघांना जागा उरली नाही.”

“कुणी काढलं?”

“गुंतवणूकदारांचा फार आग्रह होता.”

“सही कुणाची?”

“...माझी.”

माईंनी तळहात उपडा केला. चिप पायरीवर पडली, उडाली आणि दगडांच्या फटीत गेली.

“माई!”

प्रल्हाद गुडघ्यांवर आला. ओल्या फटीत बोटं खुपसू लागला. नख मोडलं, विजारीला चिखल लागला. फोन वाजून वाजून थांबला.

“अशा लाखो बनवता ना?” माईंनी विचारलं.

“ही पहिली आहे, माई. मी आणि अजितनं मिळून...”

“त्याच्यासाठी आला होतास का रे असा गुडघ्यांवर?”

नदीवरून वारा आला. वाती पायरीभर पांगल्या. प्रल्हाद खाली मान घालून फट चाचपत राहिला...

अखेर चिप बोटाला लागली. ती मुठीत आवळून तो धडपडत उठला.

“आत्ताच जातो त्याच्याकडं. पाय धरतो त्याचे. मग तरी माझं मन थाऱ्यावर येईल ना, माई?”

“स्वतःचंच मन थाऱ्यावर आणायला निघाला असशील, तर जाऊ नकोस.”