भुरीचा बिछाना

“रोज बदलतो, रोज धुतो. मग हिचे पाय सुजलेच कसे, भन्ते?”

नवदीक्षित श्रामणेर मेत्तानंदाच्या ओंजळीत भुरी होती. एक प्रयोगशाळा बंद पडली तेव्हा विहारात आलेल्या सात गिनीपिगांमधली सगळ्यांत म्हातारी. तिचे तळवे लालबुंद झाले होते, टाचेपाशी कातडी फुटली होती. दोन दिवसांत ती जागची हलली नव्हती.

भन्ते शीलवंतांनी तिच्याकडे पाहिलं. मग पिंजऱ्याकडे.

चीवर घेण्यापूर्वी मेत्तानंद महाविद्यालयात शिकवत असे. हाती घेतलेलं काम त्याच्याइतकं नेटकं कुणी करत नसे, आणि ते त्यालाही ठाऊक होतं. पिंजऱ्यात तळाला जुना टॉवेल आणि वर फ्लीसचं मऊ कापड असे. हे काम त्याच्याकडे आल्यापासून त्या कापडावर सुरकुती म्हणून दिसली नव्हती. शेवटच्या पाण्यात तो कपडे मऊ करणारं सुवासिक लिक्विड घालायचा. येणारे उपासक दारातच थबकून म्हणायचे, “जनावरं आहेत असं वाटतच नाही हो!”

“डॉक्टरांनी मलम दिलंय,” तो म्हणाला. “कोरड्यात ठेवा म्हणाले. कोरड्यातच तर आहे.”

“कशावरून?”

“मी स्वतः अंथरतो, भन्ते.”

भन्ते गुडघे टेकून खाली बसले. शहात्तरावं वर्ष होतं त्यांचं. बसायलाच वेळ लागला. पिंजऱ्याचं दार उघडून त्यांनी आत वाकून कापडावर गाल टेकला.

मेत्तानंद दचकला. “भन्ते, सकाळपासून सहाजणी त्यावर…”

भन्ते उठले. बाजूला सरकले.

“तू टेक.”

“किती वेळ?”

“ती उभी असते तेवढा.”

…

भुरीला बाजूला ठेवून मेत्तानंदाने गाल टेकला. आधी गुलाबाचा वास आला. मग गार ओल लागली. मग चुरचुरायला लागलं. तो उठू पाहत होता. भन्त्यांकडे नजर गेली आणि तसाच राहिला.

बऱ्याच वेळाने त्याने मान वर केली तेव्हा गाल ओला होता. त्याने तो पुसला नाही.

“वर दिसत नाही,” तो हळूच म्हणाला. “पण ओल सगळी वरच आहे.”

भन्त्यांनी दोरीवरचं धुतलेलं कापड आणून त्याच्या मांडीवर पसरलं आणि त्यावर तांब्यातलं चमचाभर पाणी सोडलं. अळूच्या पानावर राहावं तसं ते थेंब थेंब होऊन वरच थरथरत राहिलं.

“हे कापड पाणी पीत नाही,” भन्ते म्हणाले. “खाली टॉवेलकडे जाऊ देतं. तेवढंच त्याचं काम.”

“मी तर फक्त मऊ केलं…”

“हो. फार मऊ केलंस. लिक्विडचा थर बसलाय त्यावर.”

भन्ते हे कुठल्या ग्रंथातून सांगत नव्हते. भिक्खू होण्याआधी तीस वर्षं ते एका रुग्णालयाच्या धुलाईखान्यात होते. अंथरुणाला खिळून पाठीला जखमा झालेल्यांच्या चादरी वेगळ्या धुवायचे आणि पाठवण्याआधी प्रत्येक चादर स्वतःच्या गालाला लावून बघायचे. तसं करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आपणहून त्यांनी हे कधी कुणाला सांगितलंही नाही. मेत्तानंदाला ते त्या दुपारी समजलं, तेही त्याने खोदून विचारलं म्हणून.

त्याने लिक्विडची बाटली उचलून बाजूला ठेवली. कापडावरचे केस, गवताच्या काड्या ब्रशने झाडल्या. गरम पाण्यात थोडं व्हिनेगर घालून कापड धुतलं, वाळल्यावर टॉवेलवर पसरून वर पाणी सोडून पाहिलं. थेंब तसाच. पुन्हा धुतलं. तिसऱ्यांदा थेंब जरा पसरला. पाचव्या धुण्यानंतर पाणी क्षणभर थांबलं आणि दिसेनासं झालं. त्याने वर हात फिरवला. कोरडं. खालचा टॉवेल दाबला. ओला.

तेवढ्यावर तो थांबला नाही. कापड अंथरलं, गुडघे टेकले आणि गाल ठेवून पाहिला. भन्ते तेव्हा तिथे नव्हते.

पुढे तो रोज सकाळ-संध्याकाळ लेंड्या झाडायचा, दर तिसऱ्या दिवशी कापड बदलायचा, भुरीच्या पायांना मलम लावायचा. आठव्या दिवशी ती दोन पावलं चालली. बाराव्या दिवशी गवताच्या ढिगापर्यंत गेली.

रविवारी एक उपासिका आली. तिने श्वास भरून घेतला, तोंड जरासं पाडलं.

“काय हो, पूर्वी किती छान वास यायचा इथे!”

विहारात पंधरा-वीस माणसं होती. मेत्तानंद उठून उभा राहिला.

“त्या लिक्विडमुळे हिचे पाय फुटले, ताई. ते मी घालत होतो. तुम्ही सगळे कौतुक करायचात, म्हणून आणखी घालत होतो.”

भन्ते खिडकीपाशी बसले होते. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. एवढं नितळ बोलणं त्यांनीही क्वचितच ऐकलं असावं.

माणसं गेल्यावर मेत्तानंद त्यांच्या पायांशी येऊन बसला. चेहऱ्यावर नवा उजेड होता.

“भन्ते, आता उमगलं. मनाचंही असंच असतं. आपण त्याला वरून इतकं गोड, इतकं मऊ करून ठेवतो की…”

भन्त्यांनी टोपलीतून एक ढोबळी मिरची काढून त्याच्या हातात दिली.

“चिरून दे. भुरीला भूक लागलीय.”